ओल्या डोळ्याचा रंग

माझं काम डोळे रंगवण्याचं. असं सांगितलं की लोकांना आधी काजळ आठवतं आणि मग बाहुल्या. दोन्ही नाही. आजारात किंवा अपघातात ज्यांचा एक डोळा जातो, त्यांच्यासाठी मी दुसरा करते. त्या डोळ्याने दिसत काही नाही, पण तो इतरांना दिसतो, आणि घराबाहेर पडायला माणसाला पुष्कळदा तेवढंच हवं असतं. हे काम मला बाबांनी शिकवलं. गेल्या वर्षी त्यांचाच डावा डोळा गेला.

आत जंतू शिरले, औषधांना दाद देईनात, शेवटी डोळा काढावा लागला. जखम भरली, सूज उतरली, आता खोटा डोळा बसवायला हरकत नाही असं रुग्णालयातून सांगितलं. बाबा म्हणाले, धाकटी करेल. धाकटी म्हणजे मी. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले तरी त्यांच्या लेखी माझं तेच नाव. मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा फसला. तेव्हा मी म्हटलं, तुमच्या त्या जुन्या मित्राकडे जाऊ या, त्याचा हात अजून उत्तम आहे, आपण होऊन फोन करतोय बिचारा. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तू करशील तर घालेन," ते म्हणाले. "नाहीतर हे आहे तेच बरं."

हे आहे ते म्हणजे पांढरी पट्टी, मागची खोली आणि लोटलेलं दार. साडेतीनशे-चारशे लोकांना डोळा बसवून देताना या माणसाने एकच औषध सांगितलं होतं, की आता इथून निघा आणि भर रस्त्यातून एक फेरी मारून या. तोच माणूस पाच महिने घराबाहेर पडला नव्हता. सकाळचं फिरणं बंद, कारखान्यात येणं बंद. आरसा नको म्हणून दाढीसुद्धा माझी मोठी बहीण करायची. ताईचं इस्त्रीचं दुकान आहे, आणि ती गालावरूनही इस्त्री फिरवल्यासारखा वस्तरा फिरवते, अशी बाबांची तक्रार होती. एवढी एक तक्रार सोडली तर ते बोलेनासेच झाले होते, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती. शहात्तराव्या वर्षी माणूस एकदा खोलीत बसला की खोली त्याला सोडत नाही.

दोनदा का फसला, ते आता सांगते. माझे डोळे कामातून गेले होते.

आमचा कारखाना म्हणजे रस्त्याकडची एक खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एका खुर्चीत मी, समोरच्या खुर्चीत ज्याचा डोळा करायचा तो. त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत मी नखाएवढ्या काळ्या चकतीवर बुबुळ रंगवते. मग ती चकती पांढऱ्या कवचात बसते. पांढऱ्या भागावर शिरा दाखवायला लाल रेशमाचे तंतू सोडवून चिकटवायचे, केसाहून बारीक, आणि सगळ्यावर काचेसारखा पारदर्शक थर द्यायचा. चकती कोरडी असताना रंग फिका, मेलेला दिसतो, म्हणून तपासताना तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबाखाली रंग खरा दिसतो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

दुसरं शिक्षण पापणीचं. बाबांचा नियम होता, काम चालू असताना पापणी लवू द्यायची नाही, ना आपली ना समोरच्याची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मला खिडकीशी बसवून, हातात घड्याळ धरून हे शिकवलं. आधी अर्धं मिनिट, मग एक, मग दोन. पापणी लवलीच तर पूर्ण नाही लवायची, अर्ध्यावरून परत फिरवायची, म्हणजे नजर सुटत नाही. समोरच्यालाही तेच सांगायचं, की उघडा ठेवा, उघडा ठेवा, हलवू नका, झालंच. बाबा तर चार-चार मिनिटं पापणी न लवता बघत. लोक त्यांच्या या बघण्याला घाबरत. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा, आणि मीही तशी बघायला लागले तेव्हा माझाच मला फार अभिमान वाटला.

तीस वर्षांनी त्या अभिमानाची खरखर सुरू झाली. सकाळी ठीक असायचं. दुपारी डोळ्यांत कणी गेल्यासारखं व्हायचं, मग जळजळ, मग समोरचं सगळं धुरकट. आणि गंमत म्हणजे मधूनच पाणी घळाघळा वाहायचं. हे असलं पाणी असताना डोळे कोरडे पडलेत हे कुणाच्या डोक्यात येईल? मला वाटलं, मोतीबिंदू असणार. नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. बाबांचा डोळा रंगवताना तर ही धूळधाण व्हायचीच, कारण त्यांच्यासमोर बसले की मी एकोणीस वर्षांची व्हायचे आणि पापणी लवण्याची माझी प्राज्ञा नसायची. पहिला डोळा राखाडी झाला. दुसरा इतका लाल, की ताई म्हणाली, हा बाबांचा नाही, बाबांच्या रागाचा आहे.

शेजारपाजारच्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं मध घाला, कुणी म्हणालं दुधाचे थेंब टाका, समोरच्या इमारतीतल्या एका काकूंनी तर एरंडेलाची बाटलीच आणून दिली. मला संताप आला. सगळ्या गावाच्या स्वयंपाकघरातलं सामान माझ्याच डोळ्यांत का? शेवटी ताईने माझं काही एक न ऐकता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मला ओढत नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं, ऐकताना माझ्याकडे बघत राहिल्या आणि बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आत आल्यापासून मी मोजतेय. मिनिटाला चारदा पापणी लवतेय तुमची. आणि तीही अर्धीच."

मी जरा ताठ होऊन सांगितलं की ते मुद्दाम आहे, ते आमचं कसब आहे. त्यांनी कागदाच्या एका पट्टीने डोळ्यात पिवळा रंग लावला, हनुवटी यंत्रावर ठेवायला सांगितली, निळा दिवा लावला आणि जे टिपलं ते शेजारच्या पडद्यावर मला दाखवलं.

पडदाभर माझा डोळा होता. मी आयुष्यभर डोळेच बघत आले, पण असा नव्हता बघितला. पापणी खाली आली आणि वर गेली, आणि तिच्यामागून पिवळ्या उजेडाची एक साय अख्ख्या बुबुळावर पसरली. इतकी पातळ, इतकी एकसारखी, की मी तीस वर्षं घासून-पुसून दिलेला एकही थर तिच्या जवळपास जाणारा नव्हता. मग एक, दोन, तीन सेकंद, आणि त्या सायीला काळे डाग पडायला लागले. डाग पसरले, एकमेकांना मिळाले. पापणी परत खाली आली, अर्ध्यावरूनच फिरली. वरचा अर्धा भाग पुन्हा उजळला. खालचा तसाच फाटका राहिला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हे पाणी नुसतं पाणी नाही. खाली चिकट थर, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा, पाणी उडून जाऊ नये म्हणून. ते तेल पापणीच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, प्रत्येक पापणीत वीस-तीस तरी असतात, आणि पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जाऊन थोडं थोडं तेल सोडतात. माझ्या पूर्ण मिटतच नव्हत्या. तेल आतल्या आत गोठून बसलं होतं. डोळ्यात तेल घालून काम कर, असं बाबा मला हजार वेळा म्हणाले असतील. ते तेल आधीच घातलेलं असतं आणि मीच त्याला वर्षानुवर्षं बाहेर येऊ दिलं नाही, हे कळलं तेव्हा मी हनुवटी पुन्हा यंत्रावर नीट टेकवली. मग विचारलं की परत दाखवता का. त्यांनी दाखवलं. मी आणखी एकदा दाखवा म्हटलं. बाहेर रांग असूनही त्या बाईंनी मला चार वेळा ती साय पसरताना दाखवली, याचे उपकार मी विसरणार नाही.

मोतीबिंदू नाही, दुसरं काही नाही, असं त्यांनी सगळं तपासून सांगितलं. ठरवून दिलेले थेंब सोडून डोळ्यात काहीही घालायचं नाही, मध नाही, दूध नाही, काकूंची बाटली तर नाहीच. गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मग पापण्या बोटाने हलके चोळायच्या. आणि पापणी लववायची, पूर्ण, मुद्दाम. मला एवढं मोठं यंत्र दाखवून शेवटी हातात फडकं दिलं म्हणून मी कुरकुरले. "फडक्याने होणार असेल तर मी यंत्र कशाला सांगू?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फडकं म्हटल्यावर ताईच्या अंगात आलं. गरम आणि कापड या दोन गोष्टींतलं तिला जेवढं कळतं तेवढं त्या डॉक्टरीणबाईंनाही कळत नसेल. दुकान उघडायच्या आधी ती यायची, पातेलंभर पाणी गरम करायची, मऊ धुतलेलं सुती फडकं पिळून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. भाजलं नाही तरच माझ्या डोळ्यांवर. दोन मिनिटांत गार होतं म्हणून दुसरं तयार, मग तिसरं. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, मध्ये बोलायचंसुद्धा नाही. टेबलावरचा पंखा तिने भिंतीकडे वळवला. हिवाळ्यात खोली तापवायच्या शेगडीजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. टेबल उंच होतं म्हणून मी डोळे फार ताणून उघडे ठेवत होते, तर खुर्चीवर उशी घातली, म्हणजे नजर खाली राहील आणि पापणी अर्धी उतरेल. भिंतीवर खडूने एक मोठी खूण केली. तिकडे नजर गेली की दोन्ही डोळे सावकाश मिटायचे, एक-दोन मोजायचं, पापण्या हलकेच आवळायच्या आणि उघडायच्या. मग खिडकीतून रस्त्यापलीकडची एखादी लांबची वस्तू बघायची. पहिले दोन दिवस मला शरम वाटली. मी कारागीर आहे, खिडकीत बसून घुबडासारखी डोळे मिचकावत होते.

आठव्या-नवव्या दिवशी दुपारी चार वाजले तरी डोळ्यांत कणी नव्हती. बाराव्या दिवशी रेशमाचा एक तंतू सोडवताना त्याचे आणखी दोन होतात हे मला दिसलं. मी ताईला दुकानातून बोलावून दाखवला. तिला काही दिसलं नाही, पण तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "बस मग बाबांपुढे."

बाबा खिडकीशी येऊन बसले ते माझ्यावर उपकार केल्यासारखे. पट्टी तशीच, उजवा डोळा उघडा. जगात त्यांच्याइतकं चांगलं बसणारं गिऱ्हाईक मिळायचं नाही. मान हलली नाही, श्वास ऐकू आला नाही, आणि पापणी तर लवलीच नाही. मी ब्रश उचलला, त्यांच्या डोळ्यात बघितलं, आणि अर्ध्या मिनिटात मला पडद्यावरची ती फाटकी साय आठवली. बाबांचा डोळाही कोरडा पडत होता. माझ्यासमोर त्यातली चमक तुटत गेली. पांढऱ्या भागावर एकेक लाल शीर वर आली. बुबुळाचा तपकिरी रंग राखट झाला. मी बघत होते तो डोळा नव्हता, डोळ्याचे हाल होते, आणि मी ते रंगवायला बसले होते.

मी त्यांना म्हटलं, बाबा, पापणी लववा. ते म्हणाले, काम कर. मी परत म्हटलं. ते म्हणाले की साठ वर्षांत आपल्या टेबलाशी कुणी हे असं सांगितलेलं नाही, तुला जमत नसेल तर तसं म्हण. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, आणि त्या दोन्हीपेक्षा मोठं म्हणजे पुढे काय करायचं ते कळेना. तेवढ्यात ताई आली. हातात माझ्यासाठी आणलेलं फडकं होतं. तिने आमची दोघांची तोंडं बघितली, फडकं मनगटाला लावून बघितलं, आणि माझ्याऐवजी बाबांच्या मिटल्या... मिटला नव्हताच तो, तिनेच हाताने पापणी खाली ओढली आणि वर फडकं ठेवलं.

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. खांदे हळूहळू खाली आले. मग तोंड थोडं उघडलं. दहा मिनिटांत तीन फडकी झाली आणि चौथं त्यांनी स्वतः हात पुढे करून मागितलं. डोळा किती दिवस जळतोय असं ताईने विचारलं, तर म्हणाले, डोळा जळतो तो जळतोच, त्यात काय सांगायचं. म्हणजे त्यांचंही तेच. त्यांना आयुष्यभर वाटत होतं की डोळा असणं म्हणजे जळणं.

ताईने फडकं उचललं आणि बाबांनी डोळा उघडला.

आता हे कसं सांगू? अठ्ठेचाळीस वर्षं हा डोळा माझ्याकडे बघत आला होता. मी म्हणाले असते की त्याचा रंग तपकिरी आहे, जरासा राखट. तो तसा नव्हता. बाहेरच्या कडेला गडद हिरव्याचं एक बारीक कडं होतं. आत मधासारखं पिवळं होतं, बाहुलीभोवती किरणांसारखं फाकलेलं. एका ठिकाणी, खालच्या डाव्या बाजूला, तांबूस ठिपका होता. पांढरा भाग पांढराशुभ्र होता आणि त्यावर मोजून सात शिरा, सातच. आणि या सगळ्यावर ती साय होती, खिडकीचा अख्खा चौकोन आपल्यात घेऊन ठेवलेली, कुठे तुटलेली नाही. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.  माझ्या आईने या डोळ्याकडे बघून लग्न केलं असणार, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येऊन गेलं.

आणि लगेच दुसरं मनात आलं, तेव्हा मी परत खाली बसले. रंगवलेल्या चकतीवर आम्ही पाण्याचा थेंब ठेवत होतो. जिवंत डोळा मात्र कोरडा करून बघत होतो. साठ वर्षं. मेलेल्याला पाणी आणि जिवंताला ऊन.

त्या दिवसापासून मी वेगळं काम केलं. बाबांना डोळा मिटायला लावायचा, मीही मिटायचे, दोघांनी एकदम उघडायचे. चार सेकंद बघायचं, एक फटकारा मारायचा, परत मिटायचं. बाबा धुसफुसत होते, पण त्या फडक्याची त्यांना चटक लागली होती आणि ताईने अट घातली होती की धाकटीचं ऐकलं तरच फडकं. तीन दिवस चकतीला लागले. पांढऱ्यावर मी रेशमाचे सात तंतू लावले आणि आठवा हातात घेतलेला परत पुडीत ठेवला. थर दिला, घासला, आणखी चार दिवसांनी डोळा तयार झाला.

घालायच्या आधी बाबांनी तो मागितला. भिंग लावून खिडकीच्या उजेडात कितीतरी वेळ फिरवून बघितला. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हा माझा नाही. माझा असा कधीच नव्हता."

 आता ते परत त्या खोलीत जातील आणि या वेळी बाहेर येणार नाहीत, एवढंच मला समोर दिसत होतं. वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी नुसतं म्हटलं, एकदा घालून बघा, मग फेकून देऊ. त्यांनी पट्टी सोडली. मी डोळा धुऊन बसवला, ताईने त्यांच्या दाढीचा लहान आरसा पुढे धरला. पाच महिन्यांनी बाबांनी आरशात बघितलं, आणि बघितलं ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, पापणी न लववता.

ते म्हणाले तेच बरोबर होतं. दोन डोळे दोन माणसांचे वाटत होते. डावा ताजा, उजवा थकलेला. बाबांनी आरसा खाली करायला हात उचलला.

"मिटा, बाबा," मी म्हटलं. "एकदाच. पूर्ण."

त्यांनी मिटले. दोन्ही पापण्या खाली आल्या, एक-दोन, आणि वर गेल्या. आरशात एकाच माणसाचे दोन डोळे होते. हिरवी कड, मधाचं पिवळं, शिरा सात आणि सात, आणि पापणीने दोन्हींवर ओढलेलं तेच पाणी, कारण खोट्या डोळ्यावरही पाणी खऱ्याच डोळ्याचं असतं, ते मला करता येत नाही आणि कुणालाच करता येत नाही.  बाबा बघत राहिले. हळूहळू उजवा कोरडा व्हायला लागला, डावाही थोडा मंद झाला, आणि दोघांची वाट पुन्हा वेगळी झाली. बाबांनी परत मिटले. परत उघडले. परत एकच माणूस. असं त्यांनी किती वेळा केलं मी मोजलं नाही. लहान मुलाला दिव्याचं बटण सापडावं तसं चाललं होतं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी यापूर्वी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, आणि त्याला भीती म्हणायचं की आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ते थांबले. चकत्यांचे नमुने ठेवलेल्या कपाटाकडे त्यांची नजर गेली, आणि मला कळलं की माझ्या मनात आलं होतं तेच आता त्यांच्या मनात आलंय. मला त्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. या वयात कशाला? पण बाबा कारागीर आहेत, त्यांच्यापासून काय लपणार?

"म्हणजे सगळेच," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही. लाल तंतू सगळ्यांनाच जास्त लागले असतील, रंग सगळ्यांचेच राखट गेले असतील, तुम्ही केलेल्यांचे आणि मी केलेल्यांचेही, असं मी सांगितलं. बाबा उठले. मला वाटलं, मागच्या खोलीकडे. ते रस्त्याकडच्या दाराकडे गेले, पायात चपला सरकवल्या आणि पट्टीशिवाय, डोक्यावर काही न घेता, भर दुपारी बाहेर पडले. ताई आणि मी मागे धावलो.

कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे. शिंपी साठीचा, बाबांचं फार जुनं गिऱ्हाईक. त्याचा पहिला खोटा डोळा बाबांनी केला आणि झिजेल तसे पुढचे तीनही. बाबा दुकानात शिरले तेव्हा तो मशीनवर वाकला होता. पाच महिन्यांनी बाबांना बघून तो उठायला लागला, पण बाबांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्याला डोळे मिटून उघडायला सांगितले. शिंप्याने काही न विचारता मिटले, उघडले. त्याचा चांगला डोळा काळाभोर, टवटवीत होता. शेजारी आमचा डोळा, राखट आणि लाल.

बाबा दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं रे. तू थकलेला नाहीस. मी तुला तसा रंगवला."

शिंप्याचा पाय मशीनच्या पट्टीवरून खाली आला. तो आधी हसला, कारण बाबा असं काही बोलतील हे त्याला खरंच वाटेना. मग म्हणाला, की घरी बायको सत्तावीस वर्षं रोज विचारते, झोप झाली नाही का. लोक विचारतात, बरं नाही का. आणि असं सगळेच विचारतात म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, मी थकलेलाच माणूस असेन.  बाबांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. दाराशी लोक थांबून आत बघायला लागले होते, बाबांच्या नव्या डोळ्याकडे, आणि बाबांना त्याचं भानही नव्हतं. ते शिंप्याला हळूहळू सांगत होते, मिट, उघड, परत मिट. प्रत्येक वेळी त्यांच्या स्वतःच्याही पापण्या त्याच्याबरोबर खाली येत होत्या.

थोड्या वेळाने ते उठले आणि स्टुलावर मला बसायला सांगितलं.

"मला एकाच डोळ्याने दिसतं, धाकटे," ते म्हणाले. "तू बघ, आणि मला सांग काय दिसतंय."

एवढ्या वर्षांत बाबांनी मला काय बघायचं ते सांगितलं होतं, काय दिसतंय हे विचारलं नव्हतं. मी स्टुलावर बसले. शिंप्याने डोळे मिटले, मीही मिटले, आम्ही दोघांनी एकदम उघडले, आणि मी बाबांना कडेपासून एकेक रंग सांगायला लागले.